क्रेटॉस मोठा की मारिओ? आधी माती की गादी ते ठरवा

गणपतीच्या सुट्टीत आमच्या शहापूरच्या घरी भाचरं जमतात. भाचा चंदगडचा, भाची निपाणीची. दुपारची आरती झाली, जेवणं झाली आणि आरासीच्या शेजारीच दोघांची व्हिडिओ गेममधल्या दोन नायकांवरून जुंपली.

"क्रेटॉसनं देवास्नी मारलंय. तुझा मारिओ काय, कासवांवर उड्या मारतोय."

"खरं तो मरत नाही की गा! मेला तरी परत येतोय."

"परत येतोय म्हणजे आधी मेलाच न्हवं?"

शेवटी दोघं माझ्याकडं वळली. "मामा, तूच सांग. कोण जिंकणार?"

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. वर्गातही मधल्या सुट्टीत हेच चालू असतं आणि पालकांना ते काही कळत नाही. जगभर या वादाला नाव आहे 'पॉवर स्केलिंग'. पात्रांनी केलेल्या पराक्रमांवरून त्यांची ताकद मोजायची आणि कोण कोणाला हरवेल याचा अंदाज बांधायचा. लाखो लोक यावर तासन् तास घालवतात, पानंच्या पानं गणितं मांडतात. त्या दुपारी पोरांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की गेममधल्या पात्राला ताकद त्याच्या गेमचे नियम देतात. नियम बदलले की तोच पैलवान दुबळा होतो. हे एकदा ध्यानात आलं की निम्मी भांडणं मिटतात आणि उरलेली निम्मी भांडायला जास्त मजा येते.

१०० मोठे की २००?

सुरुवात सगळ्यात सोप्या आकड्यापासून करू. प्रत्येक पात्राला 'एचपी' असतो. मरायच्या आधी ते किती मार सोसू शकतं, त्याचा हा आकडा. बीजीएमआय आणि फ्री फायर हे मोबाईलवरचे गोळीबाराचे गेम. बीजीएमआयमध्ये खेळाडूचा एचपी १०० असतो, फ्री फायरमध्ये २००. मग फ्री फायरचा गडी दुप्पट दणकट म्हणायचा का?

भाचा लगेच 'होय' म्हणाला. मी त्याला मार्कांचं विचारलं. आमच्या वेळी इकडची एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावी, ६२५ मार्कांची आणि तिकडं चंदगडला महाराष्ट्र बोर्डाची दहावी 'बेस्ट ऑफ फाइव्ह' धरून ५०० ची. सीमाभागातल्या प्रत्येक लग्नात ही तुलना व्हायची. इकडच्याला ५४०, तिकडच्याला ४४०. आकडा इकडचा मोठा, पण टक्के काढले तर इकडं ८६.४ आणि तिकडं ८८. त्यातही पेपर वेगळे, पुस्तकं वेगळी, तपासणारे वेगळे. टक्के काढूनसुद्धा कोण हुशार ते ठरत नाही.

एचपीचंही तसंच. २०० एचपीच्या गेममध्ये बंदुकाही त्याच हिशेबानं बेतलेल्या असतात. किती गोळ्यांत माणूस पडतो हे बघायचं. नुसता आकडा त्या गेमच्या बाहेर आणला की त्याला काही अर्थ उरत नाही.

एकाच पात्राच्या दोन ताकदी

आता खरी गुंतागुंत. क्रेटॉस हा 'गॉड ऑफ वॉर'चा नायक, २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. पुढच्या गेमांत त्यानं पोसायडन, हेडीस आणि शेवटी झ्यूस या ग्रीक देवांना मारलं. २०१८ च्या गेममध्ये तो टिर देवाचं अख्खं मंदिर उलटं करतो. भाच्याचा सगळा जोर या मंदिरावर होता.

पण त्याच गेममध्ये वाटेत साधे मेलेले सैनिक भेटतात, त्यांना ड्रॉगर म्हणतात. त्यांच्या चार-सहा फटक्यांत हाच क्रेटॉस आडवा होतो. मंदिर उलटणाऱ्याला गंजलेल्या तलवारीचा मार का लागावा?

याचं कारण असं की गेममध्ये दोन क्रेटॉस असतात. एक कथेतला, जो मधल्या चित्रफितीत दिसतो. दुसरा आपल्या हातातला, बटणांवर चालणारा. कथेतला कितीही बलवान असला तरी चालतो, लेखकाला तो भव्य हवा असतो. हातातला मात्र मरू शकणाराच हवा, नाहीतर खेळण्यात राम उरत नाही. भांडणात एकजण कथेतला क्रेटॉस उभा करतो, दुसरा हातातला मारिओ, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर बोलतोय.

तिसरीही एक जागा आहे, गेममधल्या माहितीपुस्तकातली. पोकेमॉनमध्ये मॅगकार्गो नावाची लाव्हाची गोगलगाय आहे. पोकेडेक्स, म्हणजे त्यांचा माहितीकोश, सांगतो की तिच्या अंगाचं तापमान १८,००० अंश फॅरनहाइट आहे. सेल्सिअसमध्ये जवळजवळ १०,०००. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा. म्हणजे ही गोगलगाय सूर्यापेक्षा तापलेली. तरी ती रानातून सरपटते आणि गवत पेटत नाही, शेजारून पोरगं चालतं त्याला चटका बसत नाही. आणि लढाईत? ती आग आणि दगड अशा दोन प्रकारांची. दोन्हींना पाणी बाधतं, म्हणून पाण्याचा वार तिला चौपट लागतो. सूर्यापेक्षा तापलेला जीव एका पिचकारीत गार.

तेव्हा माझा नियम असा: गेममध्ये प्रत्यक्ष घडलेलं सगळ्यात आधी धरायचं, कथेत दाखवलेलं त्यानंतर. ज्याचा परिणाम गेमच्या जगात कुठंच दिसत नाही ते नुसतं लिहिलेलं वर्णन सगळ्यात शेवटी. दुसऱ्या कुणाचा क्रम वेगळा असू शकतो. मात्र वाद घालण्याआधी तो सांगून टाकावा.

उसाचा ट्रक आणि सोनिक

पॉवर स्केलिंगवाल्यांचा आवडता उद्योग म्हणजे पराक्रमाचं गणित. इथं मला राहवत नाही, कारण हा माझा विषय.

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. एक किलोचं वजन एक मीटर वर उचलायला साधारण १० ज्यूल लागतात. पळत्या वस्तूची ऊर्जा काढायची तर वस्तुमानाचं अर्धं घ्यायचं आणि वेगाच्या वर्गानं गुणायचं. नववी-दहावीचंच सूत्र आहे.

सेगा कंपनीच्या गेममधला सुसाट पळणारा नायक सोनिक १९९१ सालचा. कंपनीनं दिलेलं त्याचं वजन ३५ किलो. आवाजाच्या वेगानं पळतो असं धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पोरांनी पंचांगाच्या जुन्या पानामागं गुणाकार केला. उत्तर आलं जवळजवळ साडेवीस लाख ज्यूल.

हे किती? ट्रकाशी ताडून बघा. तवंदी घाट उतरून हायवेला लागलेला उसाचा ट्रक, मालासकट २० टन, वेग ताशी ५०. त्याची ऊर्जा येते १९ लाख ज्यूलच्या पुढं. म्हणजे सोनिकची धडक ही भरल्या उसाच्या ट्रकाची धडक. दोघं पोरं गप्प झाली. घाटातला ट्रक त्यांनी अगदी जवळून बघितलेला आहे.

मग भाची म्हणाली, "खरं सोनिक प्रकाशाच्या वेगानं पळतोय असं म्हणतात की." आकडे फुगतात ते नेमके इथं. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला की चौपट. प्रकाशाचा वेग आवाजाच्या वेगाच्या पावणेनऊ लाख पट आहे. त्याचा वर्ग करा, ऊर्जा ७६ हजार कोटी पट होते. आणि हे झालं साध्या सूत्रानं. प्रकाशाच्या वेगाजवळ हे सूत्र चालतच नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार वजन असलेल्या वस्तूला तिथवर न्यायला अनंत ऊर्जा लागेल. म्हणजे 'सोनिक प्रकाशाच्या वेगानं पळतो' या एका वाक्यातून सोनिकनं अख्खं विश्व फोडलं असंही सिद्ध करता येतं. गेममध्ये तर तो टोकदार खिळ्यांवर पडला आणि वाटेत गोळा केलेलं एकही कडं जवळ नसलं की मरतो, पाण्यात फार वेळ राहिला की बुडतो.

म्हणून असं गणित कुणी दाखवलं की आधी वेगाचा आकडा कुठून आला ते विचारायचं. चूक बहुतेक वेळा तिथंच दडलेली असते आणि वर्ग होऊन बाहेर येते.

मारिओची उडी घ्या. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तो जागेवरून साधारण चार ठोकळे उंच उडतो. मोठा मारिओ दोन ठोकळ्यांचा. त्याला दीड मीटरचा माणूस धरलं तर उडी तीन मीटरची. पण छोटा मारिओ एकाच ठोकळ्याएवढा आणि उडी तेवढीच. त्याला दीड मीटर धरलं तर तीच उडी सहा मीटरची होते. चित्र तेच आणि उत्तर दुप्पट. ठोकळा किती मोठा हे चित्रकारानं कधी ठरवलेलंच नव्हतं, त्याला पडद्यावर मावणारी आकृती हवी होती. मोजपट्टीच रबराची असेल तर दशांश चिन्हापुढचे आकडे काढून काय करायचं?

'यानं त्याला हरवलं, त्यानं तिसऱ्याला'

दुसरी युक्ती साखळीची. अ नं ब ला हरवलं, ब नं डोंगर फोडला, म्हणून अ डोंगरापेक्षा भारी. ऐकायला बरोबर वाटतं, पण साखळी तुटायला फार काही लागत नाही. पोकेमॉनमध्ये आग गवताला जाळते, गवत पाण्याला हरवतं आणि पाणी आग विझवतं. यात सगळ्यात बलवान कोण? कुणीच नाही.

आखाड्यात तर हे नेहमी दिसतं. एखाद्याचा पट काढण्यात हातखंडा असतो आणि उंच पैलवान त्याच्यापुढं टिकत नाहीत. तोच पुढच्या मैदानात ठेंगण्या, खाली वाकून लढणाऱ्या गड्याकडून चितपट होतो. वस्ताद जोड लावताना म्हणूनच नुसत्या जुन्या निकालांवर जात नाही, डाव बघतो.

एका गेमच्या आत मात्र नेमकं मोजता येतं

इतकं वाचून तुलना म्हणजे सगळी हवेतली बात वाटली असेल, तर तसं नाही. एकाच गेममधली पात्रं एकाच नियमाखाली असतात, तिथं मापं पक्की असतात. खेळाडू पात्रांची उतरंड लावतात, तिला 'टियर लिस्ट' म्हणतात.

'स्ट्रीट फायटर'सारख्या गेममध्ये पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. एक बदल म्हणजे एक फ्रेम, सेकंदाचा साठावा भाग. सगळ्यात चपळ ठोसे चारेक फ्रेममध्ये लागतात. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, म्हणजे बाराएक फ्रेम. तेव्हा चार फ्रेमचा ठोसा बघून अडवणं शक्यच नाही, तो ओळखावा लागतो. दंड कितीही जाडजूड काढलेला असो, इथं भारी तो ज्याचा ठोसा दोन फ्रेम आधी निघतो. ही ताकद खरोखर मोजता येते आणि हजारो लढतींत तपासता येते. एखादं पात्र फारच वरचढ निघालं की आयोजक त्याला बाहेर ठेवतात. 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मधल्या अकुमाला स्पर्धांमध्ये असाच मज्जाव झाला.

ही उतरंड कायमची नसते. कंपनी एखाद्याची ताकद कमी करते, त्याला 'नर्फ' म्हणतात. वाढवते त्याला 'बफ'. फ्री फायरमध्ये क्रोनो या पात्राला किती वेळा कातरलं ते भाच्याला तोंडपाठ आहे. काल अजिंक्य असलेलं पात्र एका अपडेटनं मधल्या फळीत जातं. कथेत काहीच घडलेलं नसतं, कुणीतरी दोन आकडे बदललेले असतात.

उतरंडीलाही माणूस छेद देतो. २००४ साली अमेरिकेतल्या इव्हो या गेमिंग स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर थ्री'ची लढत होती. जपानच्या दाइगो उमेहाराकडं केन हे पात्र होतं, जस्टिन वाँगकडं चुन-ली. त्या गेममध्ये चुन-ली केनच्या वरची मानली जाते. दाइगोचा एचपी अगदी केसाएवढा उरलेला, इतका की विशेष वार नुसता अडवला तरी तो संपला असता. चुन-लीनं लाथांची फैर सोडली. वार लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढं ढकलली तरच तो पूर्ण परतवता येतो. दाइगोनं १५ च्या १५ लाथा अशा परतवल्या आणि तो डाव जिंकला. ही ताकद केनची की दाइगोची? माझ्या मते दाइगोची, आणि म्हणूनच पात्रांची तुलना करताना 'दोघं सारख्याच हातांत आहेत' असं आधी धरावं लागतं.

पण दोन वेगळ्या गेमची पात्रं लढवायची तर?

मुलांचा खरा प्रश्न हाच होता. त्याला उत्तर कुस्तीत आहे.

मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती दोन्ही आपण बघतो. जत्रेच्या मैदानात निकाली कुस्ती म्हणजे पाठ टेकेपर्यंत लढायचं. पाऊण तास रेटून समोरच्याचा दम काढणाऱ्याला तिथं किंमत. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजले जातात आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. चपळ गडी तिथं दोन मिनिटांत मोकळा होतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. ती लढत कशावर होणार यावर अर्धी कुस्ती ठरलेली असते, हे तालमीतला कुणीही सांगेल.

क्रेटॉस आणि मारिओचंही हेच. कुणाच्या गेमचे नियम लागू करायचे ते ठरल्याशिवाय कुस्ती लागतच नाही. गेम बनवणाऱ्यांनाही ही अडचण येते. २००८ साली 'मॉर्टल काँबॅट व्हर्सेस डीसी युनिव्हर्स' आला. सुपरमॅनसमोर जोकर किंवा साधा योद्धा कसा टिकणार? म्हणून कथेतच सांगावं लागलं की दोन विश्वं एकमेकांत मिसळल्यानं सगळ्यांच्या शक्ती खालीवर झाल्या आहेत. म्हणजे आधी तराजू समपातळीवर आणला, मगच लढाई.

'कंप्युटरवरच दोघांना लढवून बघू की' असंही कुणी म्हणेल. १९९९ पासून 'मुगेन' नावाची एक यंत्रणा आहे, तीत लोक हवं ते पात्र बनवून हव्या त्याच्याशी लढवतात. पण त्या पात्राला एचपी किती आणि ठोसा केवढा हे बनवणारा स्वतः भरतो. त्यानं जे भरलं तेच बाहेर येणार. त्या निकालानं फक्त बनवणाऱ्याची आवड कळते.

मेलेला मारिओ परत येतो, त्याचं काय?

भाचीचा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. मारिओ तीन आयुष्यं घेऊनच सुरुवात करतो, ती गेममध्येच लिहिलेली असतात. पण क्रेटॉस मेला तरी आपण पुन्हा सुरू करतोच की. मग तोही अमर झाला. ही सवलत खेळणाऱ्याला दिलेली आहे, म्हणून ती धरायची तर दोघांनाही धरा, नाहीतर दोघांचीही सोडा. एकाला द्यायची आणि दुसऱ्याची काढून घ्यायची, हे चालणार नाही. भाची जरा हिरमुसली, पण मान्य केलं तिनं.

'एवढं डोकं अभ्यासात घाला की'

हे माझी बहीण आतून म्हणाली. तिला उत्तर असं की वेगाचा वर्ग का करायचा ते वर्गात जेवढं पोहोचत नाही तेवढं या दुपारी पोहोचलं. शिवाय 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत पदकासाठी खेळला गेला. सुवर्ण जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता. फ्रेम मोजणं हा त्यांचा रियाझ. आठ-आठ तास मोबाईल धरून बसायला माझाही विरोधच आहे. पण मूल जेव्हा 'हे तू कशावरून म्हणतोस?' असं दुसऱ्याला विचारतं, तेव्हा मला त्याला थांबवावंसं वाटत नाही.

मग जिंकलं कोण?

संध्याकाळी दोघांनी त्याच पंचांगाच्या पानावर दोन रकाने आखले. पहिली कुस्ती क्रेटॉसच्या मातीत. मारिओला ड्रॉगरचा एक फटका बसला की छोटा मारिओ जागीच संपला, कारण त्याच्या गेमात बाजूनं गुंबा, म्हणजे तिथला अगदी साधा शत्रू, घासला तरी तो मरतो. क्रेटॉस जिंकला, भाच्यानं टाळी वाजवली.

दुसरी कुस्ती मारिओच्या गादीवर. क्रेटॉस डावीकडून निघाला, वाटेतले गुंबा त्यानं कुऱ्हाडीनं तोडले आणि तो पहिल्या खड्ड्यापाशी आला. भाचीनं विचारलं, "उडीचं बटण कुठलं?" भाचा गप्प. २०१८ च्या गेममध्ये क्रेटॉसला मोकळी उडी मारताच येत नाही. ठरवून दिलेल्या जागीच तो फट ओलांडतो, आणि मारिओच्या जगात तशा जागा नाहीत. देवांना मारणारा गडी खड्ड्यात गेला.

एकास एक. आरतीची वेळ झाली, ताम्हन घासून ठेवलेलं होतं, सगळे उठले. 'युगें अठ्ठावीस' चालू असताना भाचा टाळ वाजवता वाजवता माझ्याजवळ सरकला आणि कानात म्हणाला, "मामा, २००५ चा क्रेटॉस हवेत दुसरी उडीसुद्धा मारतोय. तो चालेल न्हवं?"

पानावर तिसरा रकाना आखावा लागला: कुठल्या सालातला.